साफसफाईत मरणारे प्रोग्राम

व्हाइटस्पेस नावाच्या भाषेत पडद्यावर इंग्रजी मोठा 'ए' छापायचा असेल तर फाइलमध्ये बरोबर १८ खुणा टाकाव्या लागतात आणि त्यांतली एकही दिसत नाही. फाइल उघडली की कोरी. बहुतेक भाषा ज्या तीन गोष्टींना फारशी किंमत देत नाहीत, म्हणजे स्पेस, टॅब आणि नवी ओळ, तेवढ्याच इथे कोड आहेत. अक्षरे, आकडे, कंस, विरामचिन्हे हे सगळे टिप्पणीत जमा, म्हणजे प्रोग्राम चालवताना दुर्लक्षित. एडविन ब्रेडी आणि ख्रिस मॉरिस यांनी ही भाषा १ एप्रिल २००३ रोजी जाहीर केली. तारीख बघून थट्टा वाटते, आणि ती होतीच. पण इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, खरा होता आणि प्रोग्राम खरेच चालतात.

त्या १८ खुणा एकेक करून बघू. पहिली स्पेस सांगते की पुढचे काम स्टॅकवरचे, म्हणजे संख्या एकावर एक रचण्याच्या चळतीवरचे, आहे. दुसरी सांगते की स्टॅकवर एक संख्या ठेवायची आहे. तिसरी स्पेस म्हणजे संख्येचे चिन्ह, धन. ऋण असते तर इथे टॅब आला असता. मग संख्या द्विमान पद्धतीत: स्पेस म्हणजे ०, टॅब म्हणजे १. 'ए'चा आस्की क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला ठरवून दिलेला आकडा, ६५, द्विमानात १०००००१, म्हणून टॅब, पाच स्पेस, टॅब. त्यानंतर नवी ओळ, म्हणजे संख्या संपली. इथवर ११ झाल्या. पुढे टॅब आणि नवी ओळ ही जोडी इनपुट-आउटपुटच्या आज्ञांकडे नेते, आणि तिच्या नंतरच्या दोन स्पेस सांगतात की स्टॅकच्या माथ्यावरची संख्या अक्षर म्हणून छाप. या ४. शेवटी लागोपाठ तीन नव्या ओळी: थांब.

आता हीच फाइल एखाद्या शिस्तप्रिय एडिटरमध्ये उघडा आणि काहीही न बदलता सेव्ह करा. ओळीच्या शेवटी उरलेल्या मोकळ्या जागा काढून टाकण्याची सोय पुष्कळ एडिटरांत असते, आणि अनेक जण ती चालूच ठेवतात. आपल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे फक्त ओळीच्या शेवटची मोकळी जागा. ती गेली की मागे राहतात पाच रिकाम्या ओळी. आणि व्हाइटस्पेसमध्ये पहिल्या तीन नव्या ओळींचा अर्थ काय? थांब. म्हणजे प्रोग्राम तुटत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही. तो एक अगदी वैध प्रोग्राम बनतो, जो सुरू होतो आणि काही न करता संपतो. बिघाडांच्या सगळ्या प्रकारांत हा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो.

टॅबच्या जागी चार स्पेस भरणारी दुसरी सोय असते. ती चालू असली तर गंमत निराळी. संख्येतले दोन्ही १ जातात, त्यामुळे ६५ऐवजी ० स्टॅकवर जातो. छापण्याची आज्ञा टॅबने सुरू होत होती, ती आता स्पेसने सुरू होते, म्हणजे स्टॅकवर आणखी एक ० ठेवण्याची आज्ञा होते. तिच्यापुढच्या तुकड्याला संख्याच मिळत नाही, आणि तिथे प्रत्येक इंटरप्रिटर आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतो. विंडोजच्या ओळींनी मात्र काही बिघडत नाही. तिथे नव्या ओळीच्या आधी येणारे जादा चिन्ह या तिघांपैकी नसल्यामुळे टिप्पणी ठरते. वेबपानावर साध्या मजकुरात चिकटवलेल्या प्रोग्रामची तर आशाच सोडावी. ब्राउझर सलग मोकळ्या जागा गोळा करून एक करतो.

यावरचा उपाय भाषेतच आहे. अक्षरे टिप्पणी असल्यामुळे लोक प्रत्येक स्पेसच्या आधी 'एस', टॅबच्या आधी 'टी' आणि नव्या ओळीच्या आधी 'एल' लिहितात. प्रोग्राम तसाच चालतो आणि वाचताही येतो. शिवाय ओळीतल्या मोकळ्या जागा पुसल्या गेल्या तर काय गेले ते उरलेल्या अक्षरांवरून परत लिहिता येते. या तीन खुणांच्या नियमाचा आडवा उपयोगही होतो: दुसऱ्या भाषेतल्या चालत्या प्रोग्रामच्या रिकाम्या जागांत व्हाइटस्पेसचा प्रोग्राम लपवता येतो. एकच फाइल, दोन वाचक, दोन अर्थ.

अशा भाषांना एसोटेरिक किंवा सरळ एसोलँग म्हणतात. त्यांच्याकडे विनोद म्हणून बघण्याची पद्धत आहे. पण विनोद ओसरल्यावर जे उरते ते मला जास्त कामाचे वाटते. कोड म्हणजे मजकूर हे आपण गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कोडला दोनच गोष्टी लागतात: एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतील अशा काही खुणा, आणि एक खूण झाली की पुढची कुठे शोधायची याचा नियम. कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे भाषा ठरवते. अडचण अशी की त्या फाइलला हात लावणाऱ्या बाकीच्या साधनांनीही ते आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि त्यांचे मत वेगळे असते.

पुढची खूण कुठे, या प्रश्नाला आपण 'उजवीकडे, मग खालच्या ओळीवर' हेच उत्तर देतो. ख्रिस प्रेसीच्या १९९३च्या बीफंजमध्ये तसे नाही. कोड ८० रकाने आणि २५ ओळींच्या पटावर मांडलेला असतो. सध्या कोणती खूण वाचायची ते दाखवणारा कर्सर त्यावर फिरतो, आणि चार बाण त्याची दिशा बदलतात. पटाच्या कडेवरून बाहेर गेला की समोरच्या कडेने आत येतो. बीफंजमधली ही सहा चिन्हे बघा:

>:#,_@

स्टॅकवर आधीच काही अक्षरे ठेवलेली आहेत असे धरा. हा तुकडा ती सगळी छापून थांबतो. बाण कर्सरला उजवीकडे धाडतो. विसर्ग स्टॅकच्या माथ्यावरच्या मूल्याची एक प्रत वर ठेवतो. # म्हणजे पुढचा चौकोन ओलांडून उडी, म्हणून स्वल्पविराम चुकतो. अधोरेषा वरची प्रत उचलून तपासते: शून्य असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे. शून्य नाही, म्हणून कर्सर मागे फिरतो आणि आता त्याला स्वल्पविराम लागतो, जो अक्षर छापतो. मग परत #, पण या वेळी उडी विसर्गावरून. पुन्हा बाण, पुन्हा उजवीकडे. विसर्ग फक्त जाताना चालतो आणि स्वल्पविराम फक्त परतताना. स्टॅक रिकामा झाला की त्यातून शून्यच मिळते, अधोरेषा उजवीकडे जाऊ देते आणि @ प्रोग्राम थांबवतो. लूपसाठी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करण्यासाठी, वेगळा शब्द नाही, कंस नाहीत. सहा चौकोनांतून जाण्या-येण्याचा एकच रस्ता आहे. छोट्या कोडचे याहून देखणे उदाहरण शोधायला मला वेळ लागेल.

बीफंजमध्ये अवतरणचिन्ह विसरणे महागात पडते. अवतरण सुरू झाले की पुढची प्रत्येक खूण, मोकळी जागासुद्धा, आस्की क्रमांक म्हणून स्टॅकवर जाते. बंद करायचे राहिले तर कर्सर ओळीच्या शेवटापर्यंत सगळे गिळत जातो, कडेवरून बाहेर पडून त्याच ओळीच्या सुरुवातीला येतो आणि तिथे त्याला ते पहिलेच अवतरणचिन्ह भेटते. ते आता बंद करणारे ठरते. म्हणजे जो मजकूर होता तो आज्ञा म्हणून चालू लागतो आणि ज्या आज्ञा होत्या त्या मजकूर होऊन स्टॅकवर पडलेल्या असतात.

ओळीच्या सुरुवातीला एक जादा स्पेस पडली की त्या ओळीतून उभा जाणारा प्रत्येक रस्ता एका रकान्याने सरकतो. टॅब तर नकोच. एडिटरमध्ये सारख्या रुंदीची अक्षरे देणारा फाँट नसेल तर प्रोग्राम चालतो, पण माणसाला तो वाचता येत नाही, कारण पडद्यावर जे चौकोन एकाखाली एक दिसतात ते पटावर तसे नसतात. शिवाय 'पी' या आज्ञेने प्रोग्राम स्वतःच्या पटावर लिहू शकतो आणि 'जी'ने त्यावरचे वाचू शकतो. कम्पाइल करायला, म्हणजे चालवण्याआधीच यंत्राच्या भाषेत उतरवायला, अवघड व्हावी, हाच प्रेसीचा हेतू होता. एकच चौकोन चार दिशांनी वाचला जाऊ शकतो आणि चालता चालता बदलूही शकतो, तेव्हा आधी बसून त्याचे भाषांतर करायचे तरी कशाचे? हट्टी लोकांनी तरीही बीफंजचे कम्पायलर लिहिलेच.

डेव्हिड मॉर्गन-मार यांच्या पिएटमध्ये अक्षरे पूर्णपणे जातात आणि चित्र उरते. चित्रकार पिएट माँद्रियान यांच्यावरून नाव दिलेल्या या भाषेत २० रंग आहेत: लाल, पिवळा, हिरवा, निळसर हिरवा, निळा, किरमिजी हे सहा, प्रत्येकाच्या फिकट, मध्यम आणि गडद अशा तीन छटा, आणि वर काळा नि पांढरा. चित्राच्या एका चौकोनाला कोडेल म्हणतात. एकाच रंगाचे लागून असलेले कोडेल मिळून एक ठोकळा होतो.

मुख्य मेख अशी की रंगाला स्वतःचा अर्थच नाही. अर्थ आहे एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाताना होणाऱ्या बदलाला. रंगचक्रात किती पावले पुढे गेलो आणि छटा किती पावले गडद झाली, या दोन आकड्यांवरून आज्ञा ठरते. रंग तोच आणि छटा एक पाऊल गडद: स्टॅकवर संख्या ठेव. कोणती संख्या? ज्या ठोकळ्यातून बाहेर पडलो त्यात जितके कोडेल, तितकी. रंग पाच पावले पुढे आणि छटा एक पाऊल गडद: माथ्यावरची संख्या छाप. त्यामुळे सबंध चित्रातला प्रत्येक रंग चक्रावर सारखाच पुढे सरकवला तरी प्रोग्राम तोच राहतो.

तर ५ छापण्यासाठी फिकट लाल पाच कोडेल, मग मध्यम लाल एक, मग गडद किरमिजी एक, अशी सात कोडेलची आडवी पट्टी पुरेल असे वाटते. फिकट लाल ते लाल: ५ स्टॅकवर. लाल ते गडद किरमिजी: चक्रात पिवळा, हिरवा, निळसर हिरवा, निळा, किरमिजी अशी पाच पावले आणि छटा एक पाऊल गडद, म्हणून ५ छापला. इथवर सगळे बरोबर. पण पिएटमध्ये 'थांब' अशी आज्ञा नाही. पुढे वाट नसली की कर्सर दिशा फिरवत फिरवत दुसरी वाट शोधतो आणि इथे मागे वळतो. गडद किरमिजी ते लाल हा बदल गुणाकाराचा. स्टॅक रिकामा, म्हणून दुर्लक्ष. लाल ते फिकट लाल हा बदल माथ्यावरची संख्या टाकून देण्याचा; तिथेही दुर्लक्ष. डाव्या टोकाला आपटून कर्सर परत उजवीकडे, पुन्हा ५ स्टॅकवर, पुन्हा छपाई. पडद्यावर ५५५५५ अशी न संपणारी रांग.

थांबवायचे तर सापळा रचावा लागतो. आठ प्रयत्नांत ठोकळ्यातून बाहेर पडता आले नाही तरच प्रोग्राम संपतो. कर्सर ठोकळ्याच्या कडेच्या टोकावरच्या कोडेलमधूनच बाहेर पडू शकतो, मधल्यातून नाही. त्यामुळे शेवटचा ठोकळा उंच करायचा आणि त्यात मधून शिरायचे. रुंदी पाच, उंची तीन असे चित्र घ्या. पहिला रकाना तिन्ही कोडेल फिकट लाल. मधल्या ओळीत दुसरा आणि तिसरा कोडेलही फिकट लाल, म्हणजे एकूण पाच झाले आणि आकार आडव्या पडलेल्या इंग्रजी 'टी'चा. मधल्या ओळीतला चौथा लाल. पाचवा रकाना तिन्ही गडद किरमिजी. उरलेले सहा कोडेल काळे. वाचन डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होते, म्हणून तो कोपरा रंगीत हवाच. पहिला रकाना पूर्ण रंगवण्याचे हेच कारण. आता शेवटच्या ठोकळ्यात मधून शिरलेला कर्सर डावीकडे परत जायला बघतो तेव्हा त्याला वरचे किंवा खालचे टोक मिळते, आणि दोन्हींच्या डावीकडे काळा. एक ५ छापला जातो आणि प्रोग्राम संपतो.

हे चित्र जेपेग म्हणून सेव्ह केले की संपले. जेपेग डोळ्याला न कळणारे फरक टाकून देऊन आकार कमी करतो, आणि लाल-काळ्याच्या सीमेवर वीस रंगांत न बसणारे शेकडो मधले रंग तयार होतात. अशा अनोळखी रंगाचे काय करायचे हे इंटरप्रिटरवर सोपवलेले आहे. कोणी त्याला पांढरा धरतो, कोणी काळा. पीएनजी किंवा जिफ वापरावे, आणि मोठे करताना कडा मऊ करणारी सोय बंद ठेवावी. दुसरी चूक आकाराची. चित्र नीट दिसावे म्हणून एकेक कोडेल १० बाय १० पिक्सेलचा केला आणि इंटरप्रिटरला ते सांगायचे राहिले, तर तो प्रत्येक पिक्सेललाच कोडेल समजतो. फिकट लाल ठोकळ्यात आता ५०० पिक्सेल आहेत, आणि प्रोग्राम निमूटपणे ५०० छापून मोकळा होतो.

पिएटमध्ये अर्थ बदलात आहे, तर बेन ओल्मस्टेडच्या १९९८च्या माल्बोल्जमध्ये तो जागेत आहे. तिथे खुणेचे मूल्य आणि तिचा मेमरीतला क्रमांक यांची बेरीज करून ९४ने भागतात, आणि उरलेल्या बाकीवरून आज्ञा ठरते. एकच खूण पहिल्या जागी एक आज्ञा आणि दुसऱ्या जागी भलतीच. सुरुवातीला एक खूण घुसवली की नंतरचे सगळे बदलते. त्यावर कडी म्हणजे आज्ञा चालून झाली की ती खूण स्वतःच दुसऱ्या खुणेत बदलते. 'हॅलो वर्ल्ड' छापणारा पहिला प्रोग्राम दोन वर्षांनी, २००० साली मिळाला, आणि तो कोणी लिहिला नव्हता. अँड्र्यू कुक यांनी शोध घेणाऱ्या, लिस्प या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामकडून तो हुडकून काढला होता. छापलेली अक्षरेही वेडीवाकडी, काही मोठी, काही लहान. माल्बोल्जचे कौतुक खूप होते, मला मात्र ती एकसुरी वाटते. अवघड करणे सोपे असते.

माणसाला वाचता येईल असा मजकूरच कोड करणाऱ्या भाषांत निराळी मजा आहे. मॉर्गन-मार यांच्याच शेफ या भाषेत प्रोग्राम म्हणजे पाककृती. भांडी हे स्टॅक, जिन्नस हे चल, म्हणजे मूल्य साठवण्याच्या जागा. तिच्यातल्या प्रसिद्ध 'हॅलो वर्ल्ड' सूफ्लेत ७२ ग्रॅम घेवड्याचे दाणे, १०१ अंडी आणि १०८ ग्रॅम चरबी लागते, कारण ७२, १०१, १०८ हे अनुक्रमे 'एच', 'ई', 'एल' यांचे आस्की क्रमांक. ग्रॅममधला जिन्नस कोरडा, त्याचा आकडा छापला जातो. मिलिलिटरमधला पातळ, त्याचे अक्षर. म्हणून शेवटी भांड्यातले सगळे पातळ करण्याची एक पायरी असते. ती गाळली तर अक्षरांऐवजी आकड्यांची माळ येते. आणि कोणी शहाणपणाने प्रमाण निम्मे केले तर ७२चे ३६ होतात आणि 'एच'च्या जागी डॉलरचे चिन्ह उमटते.

शेक्सपिअर या २००१च्या भाषेत चल म्हणजे नाटकातली पात्रे, आणि एक पात्र रंगमंचावरच्या दुसऱ्याला उद्देशून बोलते तेव्हा त्याचे मूल्य बदलते. मंचावर तिसरे कोणी असले तर 'तू' म्हणजे कोण ते कळत नाही आणि प्रोग्राम अडतो. संख्या लिहिण्याची रीत चतुर आहे: चांगले किंवा तटस्थ नाम म्हणजे १, वाईट नाम म्हणजे उणे १, आणि आधी लावलेले प्रत्येक विशेषण मूल्य दुप्पट करते. ६५ हवे तर सहा विशेषणे लावलेले एक नाम, म्हणजे ६४, आणि त्यात एक बिनविशेषणाचे नाम मिळवायचे. संपादकाने पाल्हाळ म्हणून एक विशेषण उडवले की ३२ अधिक १, म्हणजे ३३. 'ए'च्या जागी उद्गारचिन्ह.

इंटरकॅल ही १९७२ची, डॉन वुड्स आणि जेम्स ल्यॉन यांची, या सगळ्यांची आजी. तिच्या आजही वापरात असलेल्या सी-इंटरकॅल या आवृत्तीत 'कृपया' म्हटलेली विधाने एकूण विधानांच्या एक-पंचमांशाहून कमी असली तर कम्पायलर उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारतो, आणि एक-तृतीयांशाहून जास्त असली तर अतिविनयी म्हणून.

उर्बान म्युलरची १९९३ची ब्रेनफक बहुतेकांना माहीत असते. शक्य तितका छोटा कम्पायलर बसावा म्हणून तिच्यात आठच आज्ञा ठेवल्या. 'ए' छापण्यासाठी:

++++++++[>++++++++<-]>+.

मेमरीच्या पहिल्या घरात ८, ते शून्य होईपर्यंत दर फेरीला दुसऱ्या घरात आणखी ८, मग त्या ६४मध्ये १ मिळवून छाप. या आठ चिन्हांखेरीज सगळे टिप्पणी. नवख्याची ठेच इथेच लागते, कारण पूर्णविराम आणि स्वल्पविराम याही आज्ञा आहेत. टिप्पणीत सभ्यपणे वाक्य संपवले की एक भलते अक्षर छापले जाते, आणि स्वल्पविराम दिला की प्रोग्राम इनपुटची वाट बघत बसतो. त्यावरची युक्ती सोपी आहे: प्रोग्रामच्या अगदी आरंभी सगळी टिप्पणी चौकोनी कंसांत घालायची. पहिले घर तेव्हा शून्य असते, म्हणून तो लूप एकदाही चालत नाही. आतले कंस मात्र जोडीने हवेत.

ब्रेनफकचा वेश बदललेल्या भाषा पैशाला पासरी आहेत. त्यांतली बरीचशी आठ चिन्हांना आठ नवे शब्द देऊन थांबतात, आणि तेवढ्याने काही घडत नाही. युनरी मात्र टोकाला जाते. तिच्यात प्रत्येक आज्ञेला तीन बिट, म्हणजे ० किंवा १ असे तीन अंक, दिले आहेत. सगळे बिट सलग लिहायचे, त्यांच्या आधी एक १ लावायचा, तयार झालेली द्विमान संख्या घ्यायची आणि फाइलमध्ये तितकी शून्ये भरायची. बस. शून्यांच्या क्रमात, आकारात काही नाही. फक्त किती, एवढेच. इनपुट जसेच्या तसे परत छापणारा ब्रेनफक प्रोग्राम पाच चिन्हांचा आहे:

,[.,]

युनरीत तो ५६,६२३ शून्यांचा होतो. यापुढे प्रत्येक आज्ञेला फाइल सुमारे आठपट होते. वर दिलेल्या 'ए'च्या प्रोग्राममध्ये २४ आज्ञा आहेत, म्हणजे आधीचा १ धरून ७३ बिट. एका शून्याला एक बाइट धरला तर फाइल साधारण सहा झेटाबाइटची, म्हणजे ६ वर २१ शून्ये इतक्या बाइटांची. म्हणून युनरीचे प्रोग्राम कोणी फाइलमध्ये ठेवत नाही, त्यांची लांबी सांगतात. आणि जो इंटरप्रिटर शून्ये न मोजता फाइलचा आकारच घेतो, त्याच्याबाबतीत एडिटरने शेवटी घातलेली एक नवी ओळ पुरते. ५६,६२३चे ५६,६२४ झाले, बिट पुढे सरकले, आणि उलगडल्यावर हातात येते ,[.[> म्हणजे दोन उघडे कंस आणि बंद एकही नाही.

डॅनियल टेमकिन यांच्या फोल्डर्स या भाषेत तर फाइलच नाही. रिकामे फोल्डर, त्यांच्या आत रिकामे फोल्डर, आणि कुठे किती आहेत यावरून आज्ञा. विंडोज अशा प्रोग्रामचा आकार शून्य बाइट दाखवते, जरी डिस्कच्या नोंदवहीत त्याने बरीच जागा खाल्लेली असते. नावाला अर्थ नाही, पण उपफोल्डर एका क्रमाने वाचायचे म्हटले की नावच कामी येते, आणि अक्षरक्रमाने लावले तर १० हा २च्या आधी येतो. नऊच्या पुढे जायचे असेल तर ०१, ०२ अशीच नावे द्यावीत. फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिट या साधनात ठेवायला जाल तर त्याहून मोठा धक्का: गिट रिकामे फोल्डर नोंदवतच नाही. सगळा प्रोग्राम जमा करा, दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या, तिथे काही नसते. सर्वांत आतल्या प्रत्येक फोल्डरात एक रिकामी फाइल टाकून ठेवली की भागते.

माध्यमाशी सर्वांत कमी बांधलेली भाषा म्हणजे गणितज्ञ जॉन कॉनवे यांची १९८७ची फ्रॅक्ट्रान. प्रोग्राम म्हणजे अपूर्णांकांची यादी, डेटा म्हणजे एक पूर्णांक. यादी सुरुवातीपासून बघायची, ज्या पहिल्या अपूर्णांकाने गुणून पूर्णांक मिळतो त्याने गुणायचे, आणि पुन्हा यादीच्या सुरुवातीला यायचे. एकही लागू पडत नसेल तर थांबायचे. ३/२ एवढाच एक अपूर्णांक बेरजेचा प्रोग्राम होतो. ३ आणि २ यांची बेरीज हवी तर २चा तिसरा घात गुणिले ३चा दुसरा घात, म्हणजे ७२ने सुरू करा. ७२, १०८, १६२, २४३. आता २ने भाग जात नाही, थांबा. २४३ म्हणजे ३चा पाचवा घात. चल म्हणजे मूळ संख्यांचे घातांक, इतकेच.

कॉनवे यांची १४ अपूर्णांकांची एक यादी २पासून सुरू करून मूळ संख्या शोधते: १७/९१, ७८/८५, १९/५१, २३/३८, २९/३३, ७७/२९, ९५/२३, ७७/१९, १/१७, ११/१३, १३/११, १५/१४, १५/२, ५५/१. वाटेत जेव्हा जेव्हा २चा एखादा शुद्ध घात येतो, तेव्हा त्याचा घातांक मूळ संख्या असतो. १९ गुणाकारांनंतर ४, ६९नंतर ८, २८१नंतर ३२. पहिले काही टप्पे कागदावर सहज होतात: २, १५, ८२५, ७२५, १९२५. ही यादी कोणत्याही फाँटमध्ये लिहा, टॅब उडवा, जेपेग करा, काही फरक पडत नाही. ती मोडते दोन गोष्टींनी. एक, अपूर्णांक दशांश चिन्हात बदलले तर, कारण १७/९१चे दशांश रूप संपत नाही आणि पूर्णांक आला की नाही हे तपासताच येत नाही. दुसरी, यादी लहान-मोठ्या क्रमाने लावली तर. ५५/१ शेवटी आहे, कारण तो कोणत्याही पूर्णांकाला लागू पडतो. मोठ्यातून लहान अशी मांडणी केली की तो पहिला येतो, आणि मग बाकीच्या तेरांची पाळी कधी येतच नाही: २, ११०, ६०५०, ३,३२,७५०.